तांबट आळीतील कल्हई: कसबा पेठेतील एका जुन्या सेवेचा परिचय

पुण्यात पितळी पातेले विकत घेणे आता मुळीच अवघड राहिलेले नाही. लक्ष्मी रस्त्यावर मिळते, मॉलमध्ये मिळते, घरबसल्या मागवताही येते. पातळ पितळी पातेल्यांपासून जाड बुडाच्या तांब्याच्या कढयांपर्यंत सगळे काही आकर्षक खोक्यांतून दारात येते. परंतु रोजच्या वापराने तेच पातेले आतून पिवळे दिसू लागले, की त्याला कल्हई, म्हणजे आतून कथलाचा (टिन या धातूचा) पातळ थर, कोठे करून मिळेल, या प्रश्नाचे उत्तर विकणाऱ्यांपैकी फार थोड्यांकडे असते. कल्हई नसलेल्या पितळेत आमटी किंवा ताकाची कढी करता येत नाही. पदार्थ कळकतो, त्याला हिरवट झाक आणि तुरट चव येते, आणि तो खाण्याजोगा राहत नाही. म्हणून कल्हईची सोय ठाऊक नसताना घेतलेले पितळी भांडे हे अर्धेच घेतलेले असते, असे माझे स्पष्ट मत आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी मी कसबा पेठेतील तांबट आळीत जाते, आणि तेथे मिळणाऱ्या कामाविषयी, त्याच्या गुणांविषयी आणि अडचणींविषयी तपशिलाने लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

तांबट आळी ही पुण्याचे ग्रामदैवत असलेल्या कसबा गणपतीपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेले तांबट कारागीर येथे स्थिरावले, आणि त्वष्टा कासार समाजातील काही घरांनी हा व्यवसाय आजवर चालू ठेवला आहे. आळीत शिरताना दुकानांच्या पाट्या शोधाव्या लागत नाहीत, कारण पत्र्यावर पडणाऱ्या हातोड्यांचा आवाज आधी कानावर येतो. येथील बरीच कामे रस्त्यालगतच्या खोल्यांतून, दार उघडे ठेवून चालतात, त्यामुळे आपले भांडे कोणाच्या हातात आहे आणि त्याचे नेमके काय होत आहे, हे गिऱ्हाइकाला उंबऱ्यावर उभे राहून पाहता येते. या सेवेच्या बाजूने सांगण्यासारखी पहिली गोष्ट हीच आहे. वस्तू काउंटरवर देऊन पावती घेऊन परतण्याच्या आजच्या रिवाजात असा उघडा कारभार दुर्मीळ झाला आहे.

कल्हईचे काम जवळून पाहणे हा वेगळाच अनुभव आहे, आणि भांडे टाकून निघून न जाता थोडा वेळ थांबावे, असा माझा आग्रह आहे. जुनी कल्हई, तेलाचा राप आणि काळवंडलेला थर आधी पूर्णपणे काढला जातो. त्यासाठी भांडे आम्लाने धुतात, वाळूने घासतात आणि पुन्हा धुऊन कोरडे करतात. आतला पितळेचा किंवा तांब्याचा मूळ रंग सगळीकडे सारखा दिसू लागेपर्यंत कारागीर पुढच्या कामाला हात घालत नाही. घाईच्या कल्हईत नेमकी हीच पायरी आखडती घेतली जाते, आणि कोपऱ्यात किंवा काठाच्या खाली राहिलेल्या काळ्या डागावर कथील बसत नाही. त्यानंतर भांडे सांडशीत धरून भट्टीवर फिरवत तापवतात. पूर्वी कातडी भाता असे. आता बहुतेक ठिकाणी विजेचा पंखा आहे आणि काही जण गॅसची शेगडीही वापरतात. भांडे पुरेसे तापले, की आत नवसागराची (अमोनियम क्लोराइड या क्षाराची) पूड टाकतात आणि कथलाची कांडी टेकवतात. क्षणात पांढराशुभ्र, नाकाला झोंबणारा धूर उठतो, कांडीचे टोक पाघळते, आणि त्या पाघळलेल्या कथलावरून कारागीर कापसाचा बोळा एकाच लयीत तळापासून काठापर्यंत फिरवत नेतो. जेथून बोळा जातो तेथे पिवळा रंग नाहीसा होऊन रुपेरी चकाकी उमटते. शेवटी भांडे पाण्यात बुडवले जाते. एका पातेल्याला तापवल्यापासून मोजली तर काही मिनिटेच लागतात, पण ती मिनिटे चुकवून चालत नाही: भांडे कमी तापले तर कथील गोळ्या-गोळ्यांनी बसते, जास्त तापले तर थर काळसर आणि खरबरीत होतो.

यामागचे कारण समजून घेतले तर चांगली कल्हई ओळखणे सोपे जाते. तांबे वितळते सुमारे 1085 अंश सेल्सिअसला, पितळ त्याहून सुमारे दीडशे अंश अलीकडे, तर कथील केवळ 232 अंशांना. त्यामुळे भांड्याला धक्का न लागता कथील पाण्यासारखे पसरू शकते. मात्र तापलेल्या तांब्या-पितळेवर हवेमुळे लगेच गंजाचा बारीक पापुद्रा धरतो, आणि त्या पापुद्र्यावर कथील टिकत नाही. नवसागर तापला की त्यातून बाहेर पडणारे आम्ल हा पापुद्रा खाऊन टाकते, म्हणून तो अत्यावश्यक असतो. कथील स्वतः दही, चिंच, कोकम यांसारख्या आंबट पदार्थांशी फारशी क्रिया करत नाही, आणि म्हणूनच आपल्या आज्यांनी ताकाचे सतेले आणि वरणाचे तपेले वेळच्या वेळी कल्हईला धाडले.

आता थोडी सावधगिरीची गोष्ट. कथील महाग धातू आहे, आणि त्यात शिसे मिसळले तर ते आणखी कमी उष्णतेला वितळते व पसरायलाही सोपे जाते. म्हणजे कमी खर्चात, कमी कष्टांत कल्हई होते. परंतु शिसे हे विष आहे, लहान मुलांना तर विशेषच घातक, आणि स्वयंपाकाच्या भांड्यात त्याला थारा असता कामा नये. उपनगरातील एका भांड्यांच्या दुकानात मी पूर्वी दोन तपेली दिली होती. काम कोठे होते हे त्यांनी सांगितले नाही, आणि परत आलेली भांडी आतून करडी, मळकट दिसत होती. कोरा कागद आतून घासला तर त्यावर राखाडी रेघ उमटली. शुद्ध कथलाचा थर असा कागदावर उतरत नाही, शिशाचा उतरतो. ती तपेली मी स्वयंपाकाला न वापरता तांबट आळीत नेली आणि जुना थर पूर्ण काढून नव्याने कल्हई करून घेतली. तेथील वयस्क कारागिराने न विचारता कथलाची कांडी माझ्या कानाजवळ धरून वाकवून दाखवली. तिच्यातून बारीक करकर असा आवाज आला. "ऐकलंत ना ताई? शिसं असतं तर मुकी राहिली असती," एवढेच ते म्हणाले. शुद्ध कथलाची कांडी वाकवताना असा आवाज होतो, ही धातुशास्त्रातही नोंदलेली गोष्ट आहे. ज्या ठिकाणी कांडी दाखवायला मागेपुढे पाहिले जाते, तेथे भांडे देऊ नये.

कल्हईखेरीज येथे दुरुस्तीचे कामही होते, आणि त्याची माहिती पुष्कळांना नसते. गळका हंडा, सैल झालेला कळशीचा काठ, कढईचा निखळलेला कान, चेपलेले घंगाळ, तोटीजवळ पाझरणारा बंब, असे सगळे येथे घेतले जाते. आमच्या घरी आजेसासूबाईंच्या वेळचा तांब्याचा बंब माळ्यावर पडून होता. मधल्या नळकांड्याचा सांधा सुटला होता आणि तोटी पूर्ण बसली होती. भंगारात मोड म्हणून त्याची किंमत बरी आली असती, आणि मोड घेऊन त्या बदल्यात नवे भांडे देण्याची पद्धत येथेही आहे. तसे करायचे असेल तर येथे वजन आपल्यासमोर होते. पण कारागिरांनी बंब उलटापालटा करून, बोटाने वाजवून पाहिला आणि पत्रा अजून जाड आहे, मोडीत घालू नका, असे स्वतःहून सांगितले. गिऱ्हाइकाला नवीन वस्तू विकण्याची संधी समोर असताना जुनी ठेवा असे सांगणारा माणूस मला व्यापारात क्वचितच भेटला आहे. सांधा नव्याने झाळून, तोटी बदलून आणि बाहेरून उजळून बंब परत मिळाला. तो आता वर्षातून एकदा, दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला, बंगल्याच्या मागच्या अंगणात पेटतो आणि पाझरत नाही.

नव्या भांड्यांच्या खरेदीबाबत येथे माठारकामाचा विचार करावा लागतो. भांड्याला आकार दिल्यानंतर ते जमिनीत रोवलेल्या लोखंडी खुंट्यावर चढवून, गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने त्यावर एकाशेजारी एक ठोके देत जातात, आणि त्यातून आरशासारख्या चमकणाऱ्या गोल खुणांच्या ओळी भांड्याभोवती उमटतात. या खुणा शोभेपुरत्या नाहीत. ठोक्यांनी तांब्याचा कण आवळला जातो आणि मऊ पत्रा कडक होतो, म्हणून माठारलेला हंडा सहजासहजी चेपत नाही. ठोका वाकडा पडला तर तो लपवता येत नाही, आणि एका घंगाळावर असे हजारो ठोके असतात. मी उभी असताना एक कारागीर बोलता बोलता, भांड्याकडे फारसे न पाहता, मांडीवरच्या हाताने ते किंचित फिरवत आणि दुसऱ्या हाताने ठोके देत होता. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याच्या कडेला अर्धा चढत होता आणि ओळ कोठेही उतरत नव्हती. या कलेला पुन्हा मागणी यावी म्हणून वारसा जतन करणाऱ्या इंटॅक या संस्थेच्या पुणे शाखेने येथील कारागिरांबरोबर काम केले, आणि आज दिवे, तबके, पाण्याचे जग अशा नव्या घाटाच्या वस्तूही माठारकामात मिळतात.

बाजारात साच्यात दाबून अशाच खुणा उठवलेली भांडीही पुष्कळ आहेत. दोन्हींतला फरक हाताने आणि डोळ्याने कळतो. साच्यातील खुणा एकमेकींच्या तंतोतंत प्रती असतात आणि पत्रा पातळ असतो. हाताच्या कामात ओळी सरळ असल्या तरी प्रत्येक खुणेचा आकार किंचित निराळा असतो आणि भांडे वजनाला भरते. शोभेच्या वस्तूंवर काळे पडू नये म्हणून पारदर्शक वार्निश चढवलेले असते, तेव्हा वस्तू अन्नासाठी किंवा पाण्यासाठी घेणार असाल तर तसे आधीच सांगावे. तांब्या-पितळेचा भाव हलता असल्याने भांडी वजनावर आणि मजुरी वेगळी धरून दिली जातात. दोन्ही आकडे निरनिराळे विचारून घ्यावेत, म्हणजे हाताच्या कामाचे आपण किती दिले ते आपल्यालाही कळते. या मजुरीत घासाघीस करू नये असे मला मनापासून वाटते. दिवसभर धूर, उष्णता आणि कानठळ्या बसवणारा आवाज सोसून होणारे हे काम आहे, आणि अनेक कारागिरांना उतारवयात कमी ऐकू येते हे त्यांच्याशी दोन वाक्ये बोलले तरी ध्यानात येते.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. कामाचे दर लिहिलेले सहसा आढळत नाहीत. भांड्याचा आकार, आतील स्थिती आणि हाती असलेले काम पाहून दर सांगितला जातो, तो वाजवी असतो, पण नव्या माणसाला अंदाज येत नाही. सांगितलेली वेळ पुढे जाऊ शकते, विशेषतः केटरिंगवाल्यांची मोठाली पातेली आणि पिंपे एकदम आली तर घरगुती भांडी मागे पडतात. पावती मागितली तरच मिळते, म्हणून भांड्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत आणि नावे कोरलेली नसतील तर काठाला चिठ्ठी बांधावी. नवसागराचा धूर बंद खोलीत कोंडतो, तेव्हा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी बाहेरच थांबावे. कारागिरांसाठी धूर ओढून घेणारे पंखे बसवणे ही मोठ्या खर्चाची बाब नाही, आणि महापालिकेने किंवा एखाद्या संस्थेने यात पुढाकार घ्यावा असे मला फार वाटते. तरुण मुले या कामात येत नाहीत, अशी खंत सगळे बोलून दाखवतात. पण दुपारी त्या खोलीत अर्धा तास उभे राहिले तर ती का येत नाहीत हेही उघड दिसते.

मोटार घेऊन कसबा पेठेत जाण्याचा विचार सोडून द्यावा. सप्टेंबर 2024 मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून कसबा पेठ स्थानकावर उतरून पायी जाणे सर्वांत सोयीचे झाले आहे. चार-पाच पातेली एकात एक घालून जाड पिशवीत सहज नेता येतात. बंब किंवा घंगाळ असेल तर रिक्षा करावी.

भांडी भट्टीच्या रांगेत लागली की मधला वेळ खाण्यात घालवावा, आणि त्यासाठी फडके हौद चौकातील वैद्य उपाहारगृह जवळ आहे. येथील मिसळीला लाल तवंग नाही. आले आणि हिरवी मिरची यांचा पातळ, हिरवट रस्सा आणि सोबत स्लाइस ब्रेड, असा तिचा थाट आहे. कोल्हापुरी झणक्याची अपेक्षा ठेवून जाणाऱ्यांना ती सौम्य वाटेल, पण आल्याची उष्णता घशात हळूहळू जाणवत राहते आणि पोट जड होत नाही. मला ती सकाळच्या वेळेला अतिशय योग्य वाटते. वेळ उरलाच तर रविवार पेठेतील बोहरी आळीत बिजागऱ्या, दोऱ्या, चाळण्या, किसण्या असे घरातले अडलेले सामान घेऊन यावे.

नवी कल्हई केलेल्या भांड्याची काळजी कशी घ्यावी, हे तांबट आळीत विचारले तर ते सविस्तर सांगतात, आणि त्यांचे सांगणे मी घरी तंतोतंत पाळते. भांडे रिकामे शेगडीवर तापत ठेवायचे नाही, कारण 232 अंशांची मर्यादा रिकाम्या भांड्यात बघता बघता ओलांडली जाते आणि कथील तळाशी ओघळून जमते. त्याच कारणाने फोडणी लोखंडी पळीत वेगळी करून वरून घालावी आणि शेंगदाणे, रवा यांसारखे कोरडे भाजण्याचे काम या भांड्यांत करू नये. ढवळायला लाकडी डाव वापरावा. आतून तारेची घासणी लावू नये. नारळाची शेंडी किंवा मऊ कापड आणि साधा साबण पुरतो. चिंच-मीठ किंवा पितांबरी बाहेरच्या अंगाला चालेल, आत नको. कल्हई ताजी असली तरी आंबट पदार्थ रात्रभर त्यात ठेवू नये, जेवणे झाली की काढून घ्यावा. पिण्याच्या पाण्याच्या तांब्या-हंड्याला कल्हईची गरज नसते, काशाच्या वाट्या-ताटांनाही नसते; तेव्हा घरातली सगळी भांडी सरसकट उचलून नेऊ नयेत. तळाशी रुपयाएवढा पिवळा भाग उघडा दिसला की मात्र पुन्हा कल्हईची वेळ झाली असे समजावे. रोज वरण शिजणाऱ्या पातेल्याला ही वेळ लवकर येते, सणावारी निघणाऱ्या मोठ्या तपेल्याला कित्येक वर्षे येत नाही.

गौरी-गणपतीच्या आधीचे दिवस आणि दिवाळीच्या आधीचा आठवडा टाळावा, कारण तेव्हा समया, ताम्हने आणि फराळाची मोठी भांडी यांचा ढीग लागलेला असतो. दिवाळी उलटल्यावर जावे, सकाळी जावे, आणि भांड्यांची बाहेरची काजळी घरीच खरवडून न्यावी, म्हणजे तळाला बारीक चीर असेल तर ती कारागिराला भट्टीवर चढवण्याआधीच दिसते.